ठराव झाला, पण पाणी कुठे आहे? : ओपन सोर्सचा इतिहास आणि आपण



सॉफ्टवेअर कंपन्यांची एखादी बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन मते हमखास वाचायला मिळतात. एखादा भारतीय माणूस अमेरिकन कंपनीचा प्रमुख झाला, की पहिले मत येते : "बघा, संगणकाला जात नसते. तिथे फक्त गुणवत्ता चालते." एखाद्या कंपनीने आपला कोड खुला केला, की दुसरे मत येते : "ओपन सोर्स म्हणजे ज्ञान सर्वांना खुले. हजारो वर्षांची ज्ञानबंदी तंत्रज्ञानाने मोडून काढली."

ही मते मांडणारे विरोधक नसतात. ते आपलेच शिकलेले, आयटीत नोकरी करणारे तरुण असतात. म्हणून या मतांची चेष्टा न करता त्यांना इतिहासाच्या आधारे उत्तर दिले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, "खुले" हा शब्द ऐकला की आंबेडकरी माणसाने तीन प्रश्न विचारावेत. ते कोणी खुले केले? ते पुन्हा बंद करता येते का? आणि तिथपर्यंत प्रत्यक्षात पोहोचते कोण? हे प्रश्न आम्हाला संगणकाच्या पुस्तकांनी शिकवलेले नाहीत. ते महाडने शिकवले आहेत.

महाडचा धडा

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले होते. प्रत्यक्षात आपल्या एकाही माणसाला त्यातले ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. ते पाणी मिळाले २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक तळ्यावर चालून गेले तेव्हा.

आणि त्यानंतर काय झाले? सनातन्यांनी शेणागोमूत्राने तळ्याचे "शुद्धीकरण" केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. धडा सरळ आहे. दुसऱ्याच्या ठरावाने मिळालेला खुलेपणा तोच दुसरा काढून घेऊ शकतो. लढून मिळवलेला आणि कायद्यात बांधून घेतलेला हक्क तेवढा टिकतो.

आता हा धडा हातात धरून सॉफ्टवेअरच्या इतिहासाकडे पाहू.

कुलूप कधी लागले?

सॉफ्टवेअर पहिल्यापासून कुलपात नव्हते. सुरुवातीच्या काळात कंपन्या यंत्र विकत आणि प्रोग्राम त्यासोबतच मिळत. विद्यापीठांमध्ये लोक एकमेकांचा कोड वाचत, सुधारत, पुढे देत. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विकाऊ माल होऊ लागला. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. आपला बेसिक हा प्रोग्राम लोक पैसे न देता वापरतात, ही चोरी आहे, असे त्याचे म्हणणे होते. व्यावसायिक दर्जाचे काम फुकटात करणे कोणाला परवडेल, असाही त्याचा सवाल होता.

इथे आम्ही घाईने गेट्सला खलनायक ठरवणार नाही. कारण कामाचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न आपल्याला चांगलाच कळतो. आपल्या बापजाद्यांनी महारवतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबून पिढ्या घालवल्या. त्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडले. फुकटच्या श्रमाला "सेवा" म्हणून गोंजारणाऱ्यांवर आपण विश्वास ठेवत नाही. प्रश्न बरोबर होता. त्यावर शोधलेले उत्तर मात्र कुलूप हे होते. मोबदला मिळावा म्हणून ज्ञानच बंद करायचे आणि ते बघणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचे.

किल्ली कोणी बनवली?

साधारण १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला त्यात सुधारणा करायची होती, पण सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्राम, मिळत नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या संशोधकाकडे तो होता त्याने द्यायला नकार दिला. कारण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. समोर यंत्र आहे, दुरुस्त करण्याची अक्कल आहे, पण पोथी उघडायला बंदी! ही गोष्ट आपल्याला नवी वाटायचे कारण नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. त्याचे खरे काम मात्र १९८९ च्या जीपीएल परवान्यात आहे. कॉपीराइटचा कायदा ज्ञान बंद करण्यासाठी वापरला जात होता. त्याने त्याच कायद्याने उलटी अट घातली : हा कोड वापरा, बदला, विका सुद्धा, पण बदललेला कोड पुढे देताना त्याचा सोर्सही द्यावा लागेल. स्वतः पाणी प्यायचे आणि मागच्यासाठी फाटक लावून घ्यायचे, हे चालणार नाही. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणले. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. आम्ही स्टॉलमनची आरती ओवाळत नाही. २०१९ मध्ये एका लैंगिक शोषणाच्या प्रकरणावर त्याने केलेल्या विधानांवरून मोठा वाद झाला आणि त्याला फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडावे लागले. २०२१ मध्ये तो संचालक मंडळावर परतला तेव्हाही विरोध झाला. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो तंत्रज्ञानालाही लागू आहे. परवान्यातला विचार घ्यावा, माणसाचा देव्हारा मांडू नये.

नाव का बदलले?

फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात काही मंडळी जमली. "फ्री सॉफ्टवेअर" या शब्दातली स्वातंत्र्याची, हक्काची भाषा कंपन्यांना अडचणीची वाटते, असे त्यांचे मत होते. तिथे "ओपन सोर्स" हे नाव पुढे आले. कोड बहुतांशी तोच, परवाने बहुतांशी तेच. पण भाषा बदलली. "हा वापरणाऱ्याचा हक्क आहे" याऐवजी "ही काम करण्याची सोयीची पद्धत आहे" असे सांगितले जाऊ लागले.

नाव बदलल्याने काय फरक पडतो, हे आंबेडकरी माणसाला विचारा! आपण समान नागरी हक्क मागत होतो तेव्हा आपल्याला "हरिजन" हे नाव देण्यात आले. हक्काच्या मागणीची जागा दयेने घेतली. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. सोयही तशीच.

त्याची फळे पुढे दिसली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये, जिथे जगभरचा खुला कोड ठेवला जातो ते गिटहब साडेसात अब्ज डॉलर्सना घेण्याचा करार केला. तळे खुलेच राहिले, पण काठाची जमीन एका मालकाची झाली.

आणि ठराव मागे घेण्याचे काय? तेही घडले. २०२१ मध्ये इलास्टिकसर्च, २०२३ मध्ये टेराफॉर्म, २०२४ मध्ये रेडिस. या सॉफ्टवेअरच्या मालक कंपन्यांनी नव्या आवृत्त्यांचे परवाने बदलून ते आखडते केले. मोठ्या क्लाउड कंपन्या आमच्या कामावर फुकट पैसा कमावतात, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पण वर्षानुवर्षे विनामोबदला भर घालणाऱ्या लोकांना विचारले कोणी? लोकांनी मग जुना खुला कोड घेऊन ओपनटोफू, व्हॅल्की असे स्वतंत्र प्रकल्प उभे केले. काही कंपन्यांनी पुढे पुन्हा खुला परवाना आणला. पण महाडच्या नगरपालिकेने १९२७ मध्ये जे शिकवले तेच इथे पुन्हा दिसले. देणारा एकच असेल, तर घेणाराही तोच असतो.

तळ्यापर्यंत पोहोचतो कोण?

आता तिसरा प्रश्न. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची गंभीर चूक सापडली. जगातल्या असंख्य वेबसाइटांची सुरक्षा त्यावर उभी होती. आणि ते सांभाळणारी माणसे? बोटांवर मोजण्याइतकी. वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर्स देणग्या मिळत. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या वापर करत होत्या आणि देखभाल करणारे जवळपास फुकट राबत होते. गेट्सच्या प्रश्नाचे उत्तर ना कुलपाने दिले, ना नुसत्या खुलेपणाने.

यातून आपल्यापुरता निष्कर्ष काढा. फुकट काम करायला वेळ लागतो आणि वेळ हा फुकट मिळत नाही. ज्याच्या घरी भाड्याची चिंता नाही, स्वतःचा लॅपटॉप आहे, इंग्रजी लहानपणापासून कानावर आहे, तो रात्री बसून खुल्या प्रकल्पात भर घालतो. नोकरीच्या मुलाखतीत तेच काम "गुणवत्ता" म्हणून मोजले जाते. वसतिगृहात राहून, सुट्टीत मजुरी करून शिकणाऱ्या पोराने हे कधी करायचे? दार उघडे आहे, पण दारापर्यंतचा रस्ता सारखा नाही.

आणि रस्ता कापून आत पोहोचल्यावर? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याला भारतीय सवर्ण वरिष्ठांकडून जातीवरून भेदभाव सहन करावा लागला, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा मात्र तेव्हा कायम राहिला. २०२२ मध्ये गुगलमध्ये तेनमोळी सौंदरराजन यांचे जातिप्रश्नावरचे व्याख्यान विरोधामुळे रद्द झाले आणि ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसे विधेयक मात्र गव्हर्नरांनी नामंजूर केले. संगणकाला जात नसेल. तो चालवणाऱ्या माणसांनी जात विमानात घालून सोबत नेली आहे.

मग आपण काय करायचे?

काही मित्र म्हणतील, मग ओपन सोर्सचा नाद सोडावा. आमचे मत नेमके उलट आहे. तळ्यावर अन्याय होतो म्हणून बाबासाहेबांनी तळे सोडले नाही. "मूकनायक"ची जाहिरात पैसे देऊनही "केसरी"ने छापली नाही, म्हणून त्यांनी लिहिणे थांबवले नाही. "मूकनायक", "बहिष्कृत भारत", "जनता", "प्रबुद्ध भारत" अशी एकामागून एक स्वतःची पत्रे काढली. जातपात तोडक मंडळाने लाहोरचे भाषण रद्द केले, तेव्हा १९३६ मध्ये ते स्वतः छापले. त्याच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. साधन आपल्या हातात असावे, हा आपल्या चळवळीचा जुनाच नियम आहे.

आज आपण तो मोडतो आहोत. आपली भाषणे, गाणी, वादचर्चा सगळी परक्या कंपन्यांच्या खात्यांवर आहेत. खाते बंद झाले की इतिहास गेला. नव्वदीच्या दशकातली किती मासिके, स्मरणिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकली आहेत! ती फाइल आज उघडली तर मराठीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरीही आपण ते काम केले नाही, हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

म्हणून तीन कामे सुचवतो. एक, प्रत्येक शाखेने आपला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि त्याच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांचा कॉपीराइट २०१७ च्या सुरुवातीला संपला आहे. त्यांचा शुद्ध, शोधता येणारा मजकूर सर्वांसाठी ठेवणे हे आपलेच काम आहे. दोन, वस्तीतल्या अभ्यासिकेत एक लिनक्सचा संगणक आणि शिकवणारा एक माणूस असावा. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर लाखो मुलांना शिकवून दाखवले आहे. तीन, आयटीत पगार घेणाऱ्या आपल्या बांधवांनी वर्गणी काढून खुल्या प्रकल्पात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना मानधन द्यावे. फुकट सेवा नको, मोबदला हवा.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी लिहिले, "आता सगळे खुले झाले," तर एवढेच विचारा : ठराव वाचला, पण पाणी कोण प्यायले?

जय भीम!