बहिऱ्या कानावरचा प्रयोग

मालेगावात लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही की आवाज ऐकू येणं आणि बोलणं समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉक्लिअर इम्प्लांटची अडचण नेमकी हीच.

१९५७ मध्ये पॅरिसला ज्यूर्नो आणि एरिएस यांनी माणसाच्या श्रवणतंतूला विजेने चेतना दिली. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. आजच्या इम्प्लांटमध्ये साधारण १२ ते २४ इलेक्ट्रोड असतात. पण आतल्या कानात द्रव असतो. वीज त्यात पसरते आणि शेजारचे तंतूही चेततात. म्हणून शांत खोलीत बोलणं समजतं, गर्दीत गोंधळ होतो.

प्रकाश मात्र एका ठिकाणी रोखता येतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या गटाने इन्फ्रारेड लेझरच्या झोताने, स्पर्श न करता, प्राण्याचा मज्जातंतू चेतवून दाखवला. या बाई मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या. पुढच्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या क्लॉस-पीटर रिक्टर यांच्या गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात लेझर वापरला. श्रवणतंतूकडून प्रतिसाद आला!

इथे आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. पण एक शंका उरते. झोत पडला की द्रव क्षणात तापून प्रसरण पावतो आणि बारीकसा आवाज होतो. कानातल्या केसपेशी शाबूत असतील तर त्यांनी प्रकाशाऐवजी तो आवाजच ऐकला असेल का?

२०१५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी बहिऱ्या केलेल्या गिनिपिगवर हे तपासलं. तंतूंनी प्रतिसाद दिलाच नाही. रिक्टर यांच्या गटाला मात्र बहिऱ्या प्राण्यांतही प्रतिसाद मिळाले होते, त्यामुळे वाद राहिला.

दुसरी वाट शेवाळातून निघाली. शेवाळातलं चॅनलऱ्होडॉप्सिन-२ हे प्रथिन प्रकाशाने उघडतं, हे २००३ मध्ये कळलं. जर्मनीत गॉटिंगेनच्या टोबियास मोझर यांच्या गटाने अशा प्रथिनाच्या मदतीने प्राण्यांचे श्रवणतंतू निळ्या प्रकाशाने चेतवले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. इथे उष्णतेची गरज नाही, पण जीन आधी तंतूंपर्यंत सुरक्षित पोचवावा लागतो.

पेटच्या मुलाखतीला तुम्ही प्रस्ताव घेऊन जाल, तेव्हा अपेक्षित निकालाआधी एक ओळ लिहा: हाच निकाल दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतो, आणि ते मी कसं तपासणार? तुमच्या प्रयोगातला तो बहिरा गिनिपिग कोणता?