चाळीस फुटांचा गायक

न्यूयॉर्क शहरातील टाइम्स स्क्वेअर हा जाहिरातींचाच चौक होय. त्या चौकातील पॅरामाउंट चित्रगृहाच्या दर्शनी भागावर २८ ऑक्टोबर १९५६ रोजी एका एकवीस वर्षांच्या गायकाची गिटार घेतलेली आकृती उभी करण्यात आली. तिची उंची चाळीस फूट होती. एल्व्हिस प्रेस्ली हे त्या गायकाचे नाव. त्याचा पहिला चित्रपट तेथे दाखल व्हावयास अद्याप अठरा दिवस अवकाश होता. शिवाय त्या चित्रपटात तो मुख्य नट नव्हता, श्रेयनामावलीत त्याचे नाव तिसरे होते. पहिल्या दोघांच्या वाट्यास एवढी उंची आली नाही, आणि त्याचे कोणास नवलही वाटले नाही.

या चित्रगृहास असल्या गर्दीची सवय जुनीच होती. १९४२ च्या डिसेंबरअखेरीस फ्रँक सिनात्रा येथेच गावयास उभा राहिला. त्याचा प्रसिद्धिप्रमुख जॉर्ज इव्हान्स याने काही मुलींना पैसे देऊन, कोणत्या ओळीवर किंचाळावे व कोठे मूर्च्छा यावी हे शिकवून ठेवले होते. पुढे या पढविलेल्या किंकाळ्यांत खऱ्या किंकाळ्या इतक्या मिसळल्या की, १२ ऑक्टोबर १९४४ रोजी सुमारे तीस हजारांचा जमाव रस्त्यावर लोटला आणि पोलिसांची तारांबळ उडाली. गायकाचे चाहते निर्माण करता येतात, ही विद्या तेव्हाच सिद्ध झाली होती. १९५६ साली प्रश्न निराळा होता. चाहते आधीच तयार होते; त्यांच्यासाठी चित्रपट तयार करावयाचा होता.

प्रेस्लीची स्वतःची इच्छा मात्र याहून साधी होती. त्यास नट व्हावयाचे होते. जेम्स डीन व मार्लन ब्रँडो ही त्याची दैवते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये निर्माता हॉल वॉलिस याने त्याची पडद्यावरील चाचणी घेतली व लवकरच त्यास करारबद्ध केले. परंतु वॉलिसपाशी त्याच्याजोगी कथा तयार नव्हती. म्हणून त्यास ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीस उसना देण्यात आला. तिच्यापाशी अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या एका कुटुंबाची ‘द रीनो ब्रदर्स’ नावाची कथा होती. वडील भाऊ युद्धात पडला असे समजून धाकटा क्लिंट त्याच्या वाग्दत्त वधूशी लग्न करतो आणि वडील भाऊ जिवंत परत येतो, असा तो करुण प्रसंग. थोरल्याचे काम रिचर्ड ईगनकडे, वधूचे डेब्रा पॅजेटकडे आणि क्लिंटचे प्रेस्लीकडे आले. मूळ कथेत गाण्यास जागाच नव्हती, आणि या तरुणास तेच हवे होते.

ते टिकावयाचे नव्हते. त्याचा व्यवस्थापक ‘कर्नल’ टॉम पार्कर हा जत्रेतल्या खेळांच्या धंद्यात मुरलेला गृहस्थ. तंबूबाहेरचा फलक आतल्या खेळाहून मोठा असावा लागतो, हे त्यास पुरते ठाऊक होते. एक नव्हे, चार गाणी कथेत घालण्यात आली. ‘लव्ह मी टेंडर’ या मुख्य गाण्याची चाल १८६१ सालच्या ‘ऑरा ली’ या गीताची. शब्द केन डार्बीने नव्याने लिहिले, पण श्रेय मिळाले त्याची पत्नी व्हेरा मॅटसन हिला आणि खुद्द प्रेस्लीला. ज्यांनी लिहिले नाही त्या दोघांची नावे, आणि ज्याने लिहिले त्याचे नाव नाही, असा हा चमत्कारिक व्यवहार होता.

९ सप्टेंबर १९५६ रोजी एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेस्लीने हे गाणे म्हटले. ‘या गायकास आपण बोलावणार नाही’ असे म्हणणाऱ्या सलिव्हननेच, प्रतिस्पर्धी स्टीव्ह ॲलन याने जुलैमध्ये त्यास आणून बाजी मारताच, तीन कार्यक्रमांसाठी पन्नास हजार डॉलर मोजले. स्वतः सलिव्हन मोटार अपघातातून बरा होत होता. त्याच्या जागी चार्ल्स लॉटन या इंग्रज नटाने सूत्रे सांभाळली. त्या रात्री सुमारे सहा कोटी लोकांनी कार्यक्रम पाहिला. तबकडी अद्याप बाजारात आलेली नव्हती, तरी मागणी सुमारे दहा लाखांवर गेली. तबकडी सप्टेंबरअखेर निघाली, आणि फॉक्स कंपनीने चित्रपटाचे नावच बदलून गाण्याचे नाव त्यास दिले. आधी कळस, मग पाया म्हणतात तो हाच प्रकार.

एव्हाना प्रेस्लीच्या नावाचा माल दुकानोदुकानी आला होता. मुलींच्या ओठांच्या रंगकांड्यांनाही त्याच्या गाण्यांची नावे पडली. २८ ऑक्टोबरलाच, दुसऱ्या सलिव्हन कार्यक्रमाच्या वेळी, शहराच्या आरोग्याधिकारी लिओना बॉमगार्टनर यांच्या उपस्थितीत त्याने छायाचित्रकारांसमोर पोलिओची लस टोचून घेतली. लस टोचून घेण्यास कुमारवयीन मुले टाळाटाळ करीत होती. त्या सगळ्या गदारोळात निखळ लोकोपयोगी म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट, आणि तीही जाहिरातीच्याच रीतीने घडली.

पण प्रसिद्धीचा हात कथेच्या गाभ्यापर्यंत पोहोचला तो निराळ्याच वाटेने. अखेरीस क्लिंट गोळी लागून मरतो, ही बातमी आधीच फुटली. चाहते खवळले, ‘मरू नकोस’ असे विनवणारे फलक घेऊन मुले चित्रगृहापुढे उभी राहिली. इव्हान्सच्या किंकाळ्यांनंतर अशा ठिकाणी आपसूक काय आणि सजविलेले काय, याची निवड करू पाहणे व्यर्थ. कंपनीने क्लिंट जगतो असा दुसरा शेवट चित्रित केला, पण तो कथेत बसेना. तेव्हा तडजोड निघाली. क्लिंट मरतो, त्याचे दफन होते, कुटुंबीय परततात, आणि त्या दृश्यावर गिटार घेऊन गाणाऱ्या प्रेस्लीची पुसट प्रतिमा तरंगते. नटाने मरण साधले तेवढ्यात गायकास पुन्हा उठविण्यात आले. ज्या तरुणास अभिनयाने ओळखले जावयाचे होते, त्याच्या पहिल्याच मृत्युदृश्याचा ठसा असा अर्धवट राहिला. मुलाला पडद्यावर मरताना पाहून त्याच्या आईस रडू आवरेना, असे सांगतात. ती प्रतिमा तिच्या डोळ्यांसमोरचे मरण पुसू शकली नाही.

१५ नोव्हेंबर १९५६ रोजी चित्रपट पॅरामाउंटमध्ये लागला. सकाळपासूनच तरुण मुलामुलींची रांग लागली. स्वतः प्रेस्ली तेथे नव्हता. तो त्या सुमारास लास व्हेगासमध्ये होता. त्याची उणीव चाळीस फुटी आकृतीने भरून काढली, आणि खरे पाहता प्रत्यक्ष माणसाची तेथे फारशी गरजही उरली नव्हती. टीकाकारांनी नव्या नटास सोडले नाही. सुमारे दहा लाख डॉलरचा निर्मितीखर्च मात्र थोड्याच दिवसांत वसूल झाला, आणि हॉलिवूडने हिशेबाच्या वहीत नेमके तेवढेच टिपले.

प्रेस्लीने पुढे आणखी तीस कथापट केले. त्या सर्वांत त्याचे नाव पहिले होते आणि बहुतेकांत तो गात होता. पडद्यावर एकही गाणे न म्हणण्याची त्याची १९५६ ची इच्छा १९६९ साली ‘चॅरो!’ या चित्रपटात पुरी झाली. तेथेही नामावलीवरचे शीर्षकगीत त्यालाच म्हणावे लागले.