मार्गे माणगाव : डिफॉल्ट रूटची गोष्ट (थ्रेड)

१/ म्हसळ्याहून पुण्याला जायचे असो वा नागपूरला, आधी माणगाव गाठावे. साई, मोर्बा ओलांडून गाडी महामार्गाला लागली की पुढचे पुढे. म्हसळ्याच्या माणसाला विदर्भातले फाटे पाठ असण्याची गरज नाही. श्रीवर्धन, दिघी ही जवळची गावे मात्र तो न विचारता गाठतो.

२/ सर्व्हरला शिकवावा लागणारा ‘डिफॉल्ट रूट’ नेमका हाच. आपल्या जाळ्यातले पत्ते त्याला ठाऊक असतात. उरलेल्या साऱ्या जगासाठी एकच नोंद असते, ०.०.०.०/०. तिरक्या रेघेपुढचे शून्य म्हणजे पत्त्याचा एकही अंश जुळण्याची अट नाही. अधिक नेमकी नोंद सापडली तर ती आधी. काहीच जुळले नाही तर ही.

३/ लिनक्सवरची आज्ञा एका ओळीची आहे : ‘आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया’ आणि पुढे गेटवेचा पत्ता. हे ‘व्हाया’ म्हणजे एसटीच्या पाटीवरचे ‘मार्गे’च! गेटवे मात्र थेट पोहोचता येईल असाच हवा. शिवाय अशी दिलेली आज्ञा यंत्र पुन्हा सुरू होताच पुसली जाते. ती टिकवायची तर जाळ्याच्या संरचनेच्या फाइलीत लिहावी लागते. पुष्कळांची रात्र याच पायरीवर जाते.

४/ भारतातील संशोधन संस्थांनाही एके काळी जगाकडे जाण्याची वाट अशीच चिंचोळी होती. १९८६ साली एर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या यूयूनेटशी सेकंदाला ९,६०० बिटांची भाडेतत्त्वावरची वाहिनी जोडली गेली. एक मेगाबाइट जायला जवळजवळ १४ मिनिटे! सामान्य ग्राहकाला व्हीएसएनएलमार्फत इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

५/ १९९८ नंतर खासगी सेवादाते आले आणि एक विचित्र प्रकार रूढ झाला. दोन देशी सेवादात्यांत थेट जोड नसेल, तर मुंबईतल्या मुंबईतला निरोपही परदेशाला वळसा घालून येई. नेमकी वाट ठाऊक नसली की माहिती मोठ्या दाराकडे ढकलायची, हाच नियम देशाच्या पातळीवर चालला होता. त्यात समुद्राखालच्या महागड्या केबलचे भाडे जाई. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि सेवादात्यांना देशातच माहितीची देवाणघेवाण करण्याची जागा मिळाली.

६/ एकाच वाटेची किंमत कोकणाने ३ जून २०२० रोजी मोजली. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा भागात खांब कोसळले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. आधीच टाळेबंदीचे दिवस. घर उभे आहे की छप्पर उडाले, एवढे विचारायलाही मुंबईकरांना कित्येक दिवस मार्ग नव्हता.

७/ स्थिर नोंदीचे दुखणे असे की गेटवेच्या पलीकडे रस्ता खचला तरी तिला पत्ता लागत नाही. सर्व्हर माहिती पाठवतच राहतो. अधिक ‘मेट्रिक’ देऊन दुसरा डिफॉल्ट मार्ग लिहून ठेवता येतो, पण पहिली नोंद तक्त्यातून निघाल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. म्हणून जाणते लोक दूरचा एखादा पत्ता ठरावीक वेळाने तपासणारी छोटी आज्ञावली सोबत ठेवतात. उत्तर थांबले की ती पहिली नोंद काढून टाकते. अर्थात, दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या असतील तर तिचाही इलाज चालत नाही.