लाउडनेस वॉर

आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी चढवत नेण्याची संगीतनिर्मात्यांमधील चढाओढ. मूळ कारण कानाचे आहे : एकच मुद्रण दोनदा ऐकवले, तर किंचित मोठे वाजलेले सहसा अधिक सरस वाटते. ज्यूकबॉक्सच्या काळातही ही ओढ होतीच. पण आवाज वाढवला की तबकडीवरची खाच रुंदावते, बाजूवर कमी संगीत मावते आणि सुई उडते. त्यामुळे हाव आवरावी लागे.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ही अडचण दूर केली. तिचा हळू-मोठ्या आवाजाचा पल्ला सुमारे ९६ डेसिबलचा, म्हणजे तबकडीपेक्षा बराच मोठा. वर मात्र एक पक्की कमाल पातळी असते. आवाजाची शिखरे तिला टेकली, की सरासरी वाढवण्यासाठी ती शिखरेच दाबावी लागतात. १९९४ च्या वेव्हज एल१ सारख्या डिजिटल लिमिटरमुळे हे काम फार सोपे झाले. (या दाबण्यालाही कॉम्प्रेशन म्हणतात; फाइलचा आकार घटवणारे एमपी३ चे कॉम्प्रेशन निराळे.)

नुकसान सर्वांत आधी तालवाद्यात कळते. स्नेअर ड्रमवर काठी पडते तो क्षण मिलिसेकंदांचा, पण त्यामागून येणाऱ्या नादापेक्षा कितीतरी उंच असतो. तोच दाबला, की ठोका आणि नाद एका पातळीवर येतात. ड्रम ऐकू येतो, आघात जाणवत नाही. हळुवार कडवे आणि भरात आलेले ध्रुपद यांतला फरकही असाच पुसला जातो. अतिरेक झाला, की तरंगांचे माथे सपाट होऊन खरखर येते. हा दोष डिजिटल तंत्राचा नव्हे, ते वापरणाऱ्यांच्या निवडीचा आहे.

ठळक उदाहरण मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमचे (२००८). ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये त्यातील गाण्यांची कमी दाबलेली रूपे होती. ती ऐकल्यावर चाहत्यांनी अल्बमच्या फेरमिश्रणाची मागणी केली. मिश्रण आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते, असे मास्टरिंग (मिश्रणानंतरचे अंतिम संस्करण) करणारे टेड जेन्सन यांनी सांगितले.

२००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे मानक दिले. अशा मोजमापाच्या आधारे स्पॉटिफायसारख्या सेवा आता गाणी जवळपास समान पातळीवर आणून ऐकवतात, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे आपोआप खाली येते. पण आधीच दाबलेली मुद्रणे तशीच राहतात; जुन्या अल्बमांच्या अनेक रीमास्टर आवृत्त्याही मूळ मुद्रणापेक्षा अधिक दाबलेल्या आहेत. म्हणून जाणकार श्रोते १९८० च्या दशकातील सीडी शोधून विकत घेतात.