रुळाकडेच्या तारा

माझ्या मामाचं गाव सालेकसा. गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना हावडा मार्गावर लागतं. लहानपणी, म्हणजे १९९० च्या आधी, गाडीच्या खिडकीतून मी टेलिफोनच्या तारा बघत बसायचो. खांबामागून खांब, तारा हळूच खाली झुकायच्या, पुन्हा वर यायच्या, मध्येच एखादा कोतवाल पक्षी बसलेला. मग या मार्गाचं विद्युतीकरण झालं, रुळांवर २५ हजार व्होल्टची तार आली आणि त्या जुन्या तारा गेल्या. मला वाटायचं, जागा हवी म्हणून काढल्या असतील.

खरं कारण कळायला शाळा सुटून बरीच वर्षं जावी लागली. गंमत म्हणजे ते मी दहावीतच पाठ केलं होतं! विद्युतचुंबकीय प्रवर्तन. व्याख्या तोंडपाठ, आकृती सुबक, मार्क पूर्ण. गॅल्व्हानोमीटर मात्र कपाटात कुलूपबंद. त्याचा काटा हललेला आम्ही कधी पाहिलाच नाही.

आणि सगळी गोष्ट त्या काट्याचीच आहे. १८२० मध्ये ओर्स्टेडनं कोपनहेगनला दाखवलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई वळते. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? जिनिव्हाच्या कोलादाँनं १८२५ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक घालून पाहिला. चुंबकानं काट्याला थेट ओढू नये म्हणून त्यानं गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. इथे चुंबक सरकवायचा आणि चालत जाऊन तिथला काटा बघायचा. तो पोचेपर्यंत काटा शून्यावर परतलेला असायचा. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. बिचारा काळजी घेतली म्हणून हुकला.

लंडनमध्ये फॅरेडेही बरीच वर्षं हात हलवत परत येत होता. २९ ऑगस्ट १८३१ ला त्यानं एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेपाशी सुई. बॅटरी जोडली, सुई हलली आणि जागेवर आली. बॅटरी काढली, पुन्हा हलली, यावेळी उलटीकडे. मधल्या वेळात, वीज एकसारखी वाहत असताना, काहीच नाही. म्हणजे चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. आमच्या व्याख्येत 'बदल' हा शब्द होता, मी तो घोकताना कधी थांबलो नव्हतो, इतकंच.

आता सालेकसाची तार बघा. तिच्यातली वीज एसी, सेकंदाला ५० आवर्तनं. प्रवाह सतत बदलता, म्हणून भोवतालचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं. शेजारून मैलोन्‌मैल समांतर गेलेल्या टेलिफोनच्या तारेत मग कुठेही न टेकता व्होल्टेज उभं राहतं. फोनवर घरघर होते ती होतेच, पण तारेवर काम करणाऱ्याच्या जिवालाही धोका. म्हणून अशा मार्गांवर उघड्या तारा काढून जमिनीखालून केबल टाकतात.

बरं, मग एसी हवीच कशाला? मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही (कारण तेच, बदल नाही!), त्यामुळे व्होल्टेज कमी, प्रवाह जास्त, तारा जाड आणि उपकेंद्रं थोड्या थोड्या अंतरावर. म्हणून १९५७ मध्ये रेल्वेनं फ्रान्सचा अनुभव बघून २५ हजार व्होल्ट एसी निवडली. व्होल्टेज उतरवायला प्रत्येक इंजिनाच्या पोटात ट्रान्सफॉर्मर, म्हणजे फॅरेडेचं तेच कडं, जरा थोराड. मुंबईत मध्य रेल्वेनं डीसी पूर्ण सोडली ती २०१६ मध्ये.

गेल्या दिवाळीत सालेकसाला गेलो तर मामेभावाची मुलगी व्याख्या घोकत होती. शब्द न्‌ शब्द माझाच. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या बाजारातून काट्याचा मल्टिमीटर आणला, जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, तांब्याच्या तारेचे दोनेकशे वेढे दिले. तिनं चुंबक वेटोळ्याशी नेलं, काटा उडाला, ती ओरडली. मग चुंबक तिथेच धरून बसली.

"काका, बंद पडलं."

"हलव."

बाहेरून मालगाडी चालली होती, लांबलचक. ती जाईपर्यंत पोरगी चुंबक पुढेमागे करत राहिली.