हरवलेली वाचा परत कशी येते?

एप्रिल १८६१ मध्ये पॅरिसलगतच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण मरण पावला. सुमारे २१ वर्षे तो जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘तां’ एवढेच उत्तर देत असे. इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजत होते. शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढील खंडात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी बाजू मांडली : डाव्या कानामागील भागात इजा झाली तर बोलणे अस्खलित राहते, पण त्यातला अर्थ हरपतो आणि दुसऱ्याचे शब्दही उमगत नाहीत.

यातून ‘वाचेचे केंद्र’ ही कल्पना रूढ झाली. परंतु तिच्यापुढे एक पेच होता. मृत चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग पक्षाघाताने वाचा गेलेले अनेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा बोलू कसे लागतात?

२००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी लेबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. इजा ब्रोकांनी पाहिलेल्या पृष्ठभागापुरती नव्हती. दूरदूरचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांपर्यंत ती खोल गेली होती. वाचा एका ठिकाणी वसत नाही, ती जाळ्यातून वाहते, या मताला त्यामुळे बळ मिळाले. जिवंत मेंदूतील हे जाळे आज भौतिकशास्त्रामुळे दिसू शकते : पाण्याचे रेणू तंतूंच्या आडव्या दिशेपेक्षा त्यांच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज पसरतात आणि एमआरआयने तो फरक मोजता येतो.

सुधारणेचा क्रमही यावरून समजतो. आरंभी सूज ओसरते आणि रक्तपुरवठा घटल्याने मूक झालेल्या, पण जिवंत असलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. पुढे इजेलगतचे आणि काही अंशी उजव्या गोलार्धातील भाग भार उचलतात. म्हणून इजा किती मोठी आहे याइतकेच कोणते दुवे शाबूत आहेत, हेही निर्णायक ठरते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधील ६०८ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर बोधनक्षमता सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषकांत ४०.५ टक्के, तर एकभाषकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. अनेक भाषा येणे हे वाचा जाण्यापासून वाचवणारे कवच नव्हे, हा या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग उत्साहाच्या भरात विसरू नये.

मग कोणती भाषा आधी परतते? जी अधिक सरावाची ती, असे फ्रेंच वैद्य आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. पण याला अपवाद पुष्कळ आहेत. घरी तेलुगू, बाजारात उर्दू आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाची चाचणी एकाच भाषेत घेतली, तर दुसरीत परतू लागलेली वाचा नजरेतून निसटू शकते. उपचार सुरू करण्यापूर्वी ‘हे कोणाशी कोणत्या भाषेत बोलत असत?’ हा प्रश्न घरच्यांना विचारलाच पाहिजे.