एका मोहल्ल्याचे अनेक आवाज

हिप-हॉप म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर सोन्याच्या साखळ्या, पिस्तुलं आणि शिव्या येतात. १९८८ साली लॉस एंजेलिस भागातल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' अल्बम आला. तो प्रचंड गाजला आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवरचा 'गुंडांचा इलाका' हा शिक्का आणखी गडद झाला.

त्याच शहराच्या दक्षिण भागात १९८९च्या अखेरीस एक वेगळी मैफल सुरू झाली. 'गुड लाइफ' हे पौष्टिक खाद्यपदार्थांचं दुकान. तिथं दर गुरुवारी रात्री कुणीही यावं आणि माइक हाती घ्यावा. अट एकच, शिवी द्यायची नाही. एखाद्याचं जमत नसेल तर श्रोतेच ओरडत, 'माइक पुढे द्या!' मुशायऱ्यात हूटिंग झेललेल्या शायराला हे वातावरण परकं वाटणार नाही.

शिवीचा आधार गेल्यावर शब्दांवरच मेहनत घ्यावी लागली. भीती, घर, श्रद्धा, स्वतःविषयीच्या शंका असं सगळं रॅपमध्ये येऊ लागलं. पुढे १९९४मध्ये लाइमर्ट पार्कमधल्या 'केऑस नेटवर्क' या कलाकेंद्रात 'प्रोजेक्ट ब्लोड' ही मैफल भरू लागली. एसीअलोन आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच नावाचा संग्रहही काढला.

अशा संग्रहांची ओढ का वाटते? एकट्याच्या अल्बममध्ये तो एकटाच वस्तीचा प्रवक्ता होऊन बसतो. संग्रहात मात्र त्याच्या पाठोपाठ शेजारी बोलतो आणि बऱ्याचदा वेगळंच सांगतो. ऐकणाऱ्याला अख्खा मोहल्ला भेटतो.

उर्दूत हे काम एकोणिसाव्या शतकात 'गुलदस्त्यां'नी केलं. तरही मुशायऱ्यांतल्या गझला त्या मासिकांतून छापल्या जात. नामवंत उस्तादांच्या शेजारी नवख्या शायरालाही जागा मिळे. अनेकांचा दीवान कधी निघालाच नाही, पण गुलदस्त्यात त्यांचे चार शेर राहिले.

'गुड लाइफ'मधले बहुतेक कलाकारही मोठे तारे झाले नाहीत. तिथं स्वतः रॅप करणाऱ्या एवा ड्युव्हर्ने यांनी २००८ साली त्या रात्रींवर 'धिस इज द लाइफ' हा माहितीपट केला.

आपल्या मोहल्ल्यांची ओळखही बाहेर बहुधा बातम्यांतूनच होते. माझ्या वर्गातली पोरं उर्दू-मराठी मिसळून वहीच्या शेवटच्या पानावर बरंच काही लिहितात. वर्ष संपलं की त्या वह्या रद्दीत जातात. त्या पानांचा एक गुलदस्ता बांधायला कुणा मोठ्या कंपनीची गरज नाही.